मोडीत निघालेले सम्राट

‘रोमन नाणी? आणि ती पारोळ्यात?’ माझ्या छंदाची वार्ता कानी गेली की नवा परिचय झालेले गृहस्थ हा प्रश्न हटकून विचारतात. त्यात त्यांचा दोष नाही. पारोळे म्हटले की लोकांना भर गावात उभा असलेला खंदकाचा किल्ला आठवतो, बालाजी महाराज आठवतात, झाशीच्या नेवाळकर घराण्याचा या गावाशी असलेला संबंध आठवतो. आणि यातले काहीच आठवले नाही तर धुळे-जळगाव रस्त्यावर चहासाठी गाडी थांबते ते गाव, एवढे तरी आठवतेच. या यादीत रोमचा बादशहा कोठे बसवावयाचा? त्यातून मी मराठीचा अध्यापक. मुलांना ज्ञानेश्वरी शिकवावी, व्याकरणाच्या वह्या तपासाव्यात आणि वर्षातून एकदा दिवाळी अंकाला लेख पाठवावा, हे आमचे काम. नाण्यांच्या भानगडीत आम्ही कशाला पडावे?

पण वाचकहो, रोमचा बादशहा खानदेशातून गेलेला आहे. घोड्यावरून नव्हे, बैलगाडीतून. आणि तोही एकटादुकटा नव्हे, थैल्या भरभरून. तो येथे का आला, पुढे त्याचे काय झाले आणि आज तो का सापडत नाही, हे शोधता शोधता माझ्या आयुष्याची पंधरा-वीस वर्षे मोठ्या आनंदात गेली. त्या आनंदातला थोडा वाटा आज फराळाच्या ताटाबरोबर आपल्यापुढे ठेवतो.

भडोच ते पैठण : वीस दिवसांची वाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या कोणा व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वाटाडी पुस्तिका लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव काळाने पुसून टाकले, पण त्याची नजर पक्क्या अडत्याची होती यात शंका नाही. कोणत्या बंदरात काय विकते, काय स्वस्त मिळते, कोठे गाळात जहाज रुतते, हे सारे त्याने टिपून ठेवले आहे. भडोचला तो ‘बारिगाझा’ म्हणतो. तेथे इटलीची दारू उतरे, तांबे, कथील आणि शिसे उतरे, पोवळी आणि काच उतरे. राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी पोरेही येत. आणि येत सोन्याचांदीची रोमन नाणी. ती येथील नाण्यांशी बदलून घेण्यात फायदा आहे, असे तो आपल्या भाईबंदांना बजावून सांगतो.

हा माल देशावर जाई आणि देशावरचा माल भडोचला येई. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, असे त्याचे गणित आहे. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून साधे कापड व तलम मलमल गाड्यांत भरून रानावनांतून भडोचला जात.

आता घरातला शाळेचा नकाशा उघडा आणि भडोच व पैठण यांच्यावर पट्टी ठेवून पाहा. पट्टी तापी ओलांडते, खानदेशाची पश्चिमेची बाजू कापते आणि डोंगर चढून गोदावरीकडे उतरते. गाड्यांच्या वाटा अर्थातच पट्टीने आखलेल्या नसतात. बैलांना पाणी लागते, चढाला घाट लागतो, मुक्कामाला वस्ती लागते. तापीकाठी प्रकाशे येथे १९५४-५५ साली बा. कृ. थापर यांनी आणि गिरणेकाठी बहाळ येथे त्याच दशकात म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाण काळापासून पुढे थरावर थर वस्ती निघाली. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथे पैठणच्या मित्रदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरविक्या घराण्यातल्या माणसाने, स्तंभ दान केल्याचा लेख कोरलेला आहे. पैठणचा अत्तरवाला या डोंगरात येऊन पैसे खर्च करतो, ते काय केवळ देवदर्शनासाठी? त्याची वाटच तेथून जात असली पाहिजे.

चांदी गेली कोठे?

मग एवढी नाणी आली, ती कोठे आहेत? रोममधला प्लिनी नावाचा विद्वान कपाळाला हात लावून तक्रार करतो, की हिंदुस्थान दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स गिळून बसतो. दक्षिणेत पाहावे तर त्याची तक्रार खरी वाटते. पुदुकोट्टईला १८९८ साली एकाच ठेव्यात ५०१ सोन्याची रोमन नाणी मिळाली. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव घातलेला होता. कोइमतूरच्या बाजूला ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांची चांदीची नाणी ढिगाने सापडली. पण आपल्या महाराष्ट्रात, जेथून हा व्यापार जोरात चाले तेथे, रोमन नाणी विरळा. हे कोडे मला पहिल्यांदा पडले तेव्हा मी कित्येक रात्री नकाशा पुढ्यात घेऊन बसत असे.

त्याचे उत्तर बऱ्याच अभ्यासकांनी दिले आहे, आणि ते कोणाही गृहिणीला चटकन पटेल. जुना दागिना आपण काय करतो? मोडीत घालतो आणि नवा घडवतो. येथल्या राजांनीही तेच केले असावे. पेरिप्लसच्या काळात भडोचवर राज्य होते क्षहरात क्षत्रपांचे. त्यांचा नामांकित राजा नहपान. त्याने चांदीची नाणी पाडली ती मुबलक. एवढी चांदी आपल्या भूमीत निघत नाही. रोमन सम्राटांची चांदी मुशीत गेली आणि नहपान होऊन बाहेर आली, हा तर्क म्हणूनच सयुक्तिक वाटतो.

या नहपानाचे नाणे एकदा तरी पाहावे. एका बाजूला रोमन सम्राटाप्रमाणेच उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा, आणि भोवती ग्रीक अक्षरे. मौज अशी की अक्षरे ग्रीक, पण भाषा आपली प्राकृत! मागल्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत. एका चिमुकल्या चकतीवर तीन लिप्या. आपल्या आजच्या नोटेवरच्या भाषांच्या यादीचे हे पूर्वज म्हणावयाचे.

नहपानाचा जावई उषवदात. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याचा लेख आहे, आणि बँकेत ठेव ठेवणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने तो वाचावा असा आहे. लेण्यातल्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले : २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण टक्क्याने. ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, असा भावही तेथेच नोंदलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्याजाचा दर आणि सोन्याचा भाव, दोन्ही एका भिंतीवर!

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य जिंकले. त्याने नाणी वितळवण्याचीही तसदी घेतली नाही. नहपानाच्या तोंडावरच आपले ठसे मारले. हे आपल्याला कळले ते १९०६ साली. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा ठेवा निघाला. त्यातील १३,००० हून अधिक नाणी अभ्यासकांनी तपासली, आणि नऊ हजारांवर नाण्यांवर हा दुहेरी ठसा आढळला. राज्य कोणाचे गेले आणि कोणाचे आले, याचा असा पुरावा कोणत्या बखरीत मिळणार? ही सारी नाणी एखाद्या मुशीत गेली असती तर काही शेर चांदी झाली असती आणि इतिहासाचे एक पान कायमचे कोरे राहिले असते. ‘असती’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्याची हकीकत पुढे येणार आहे.

दाम, दमडी आणि पुतळी

नाणी वितळली, पण शब्द वितळत नाहीत. येथे मला माझ्या मूळ धंद्याची गोष्ट सांगावयास मिळते. ग्रीकांचे नाणे ‘द्राख्मा’. पेरिप्लसच्या काळीही जुन्या यवन राजांचे द्राख्मे भडोचच्या बाजारात चालत असल्याचे त्याचा लेखक सांगतो. संस्कृतात त्याचा ‘द्रम्म’ झाला, प्राकृतातून येता येता ‘दाम’ झाला, आणि झिजून झिजून ‘दमडी’ झाली. मुलाला ‘एक दमडी मिळणार नाही’ असे दटावणाऱ्या बापाला आपण ग्रीक बोलतो आहोत याची कल्पना नसते! रोमनांचा ‘देनारियस’ असाच ‘दीनार’ होऊन संस्कृतात शिरला. इसवी सन ४१२ च्या सांचीच्या एका लेखात दीनारांचे दान नोंदलेले आहे.

आणि या शब्दाचा एक जुना मराठी मुक्काम आमच्या खानदेशातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरात १२०७ सालच्या सुमाराचा शिलालेख मिळाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याच्या खर्चाची तरतूद त्यात आहे. लेख मुख्यतः संस्कृत, पण शेवटचा व्यवहाराचा भाग मराठी, कारण बाजारातल्या माणसाला ते समजले पाहिजे. त्या मराठीत ग्राहकाकडून घ्यावयाच्या दामाच्या विसाव्या हिश्शाचा उल्लेख आहे. खुद्द भास्कराचार्यांची ‘लीलावती’ सुरू होते तीही नाण्यांच्या कोष्टकाने : वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. आमच्या लहानपणी ‘दोन पैशांचा ढब्बू’ म्हणून पाठांतर करून घेणारे गुरुजी एका फार मोठ्या परंपरेतले होते म्हणावयाचे.

परदेशी नाणे गळ्यात घालण्याची आपली हौसही अशीच जुनी. रोमन नाण्यांना कान लावून किंवा भोक पाडून त्यांच्या माळा करीत. ज्यांना सोने परवडत नसे त्यांच्यासाठी टायबेरियसच्या नाण्याची मातीची नक्कल निघे, तीही ओवावयाच्या कानासकट. तेलंगणातील कोंडापूरला अशा नकला मिळाल्या आहेत. आपल्याकडील पुतळ्यांची माळ घ्या. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. त्यावर तेथील राज्यप्रमुख आणि त्यांचा संत अशा आकृती. आपल्या आज्यांनी त्यांना खुशाल देवादिकांच्या पुतळ्या मानले. ही हकीकत मी घरी रंगवून सांगितली, तेव्हा आमच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, ‘अहो, सांगता आहात ते सगळे खरे. पण एखादी पुतळी आणूनही दाखवा ना!’

पत्ता असलेले आणि पत्ता नसलेले

त्यांना पुतळी मिळाली नाही; मला मात्र एक रोमन नाणे मिळाले. मुंबईच्या एका नाणेप्रदर्शनात परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेले, चौथ्या शतकातले, कॉन्स्टंटाइन घराण्याचे छोटेसे ब्राँझ. किंमत म्हणाल तर महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढी. ही नाणी रोमनांनी इतकी पाडली की जगभर हौशी लोकांना ती अजून परवडतात. चेहरा स्वच्छ, अक्षरे वाचता येतात, आल्यागेल्याला दाखवावे असे आहे. पण ते कोणत्या देशात, कोणत्या मातीत सापडले, हे विक्रेत्यालाही माहीत नव्हते. देखणे आहे, पण अनाथ आहे. ते मला रोमविषयी जे सांगते ते कोणतेही पुस्तक सांगेल.

याउलट कोल्हापूरचा समुद्रदेव पाहा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडातून पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती आणि इतर रोमन धर्तीची ब्राँझची भांडी मिळाली. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६ साली तेथे उत्खनन केले. ती मूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. वीतभर मूर्ती, पण ती ब्रह्मपुरीत सापडली, हे माहीत असल्यामुळेच भूमध्य समुद्राचा देव घाट चढून आला होता हे सिद्ध होते. व्यवहार उलटाही चाले. इटलीतील पाँपेई हे शहर ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. त्या राखेतून १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. तिच्या दोन बहिणी आपल्याकडे आहेत : एक तेरची, एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची. तिघींचे पत्ते ठाऊक आहेत म्हणून त्यांचे नाते जुळले.

तेरच्या मूर्तीबरोबर मला एका माणसाचे नाव घ्यावयाचे आहे. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव. त्याच गावच्या कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर आपल्या गावच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू गोळा केल्या : मणी, दिवे, खेळणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. पाऊस पडून गेला की तेरच्या पांढरीतून अशा वस्तू उघड्या पडतात. इतरांच्या लेखी ती खापरे होती. त्यांच्या या हजारो वस्तूंमधून उभे राहिलेले, त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. संग्राहक असावा तर असा. त्यांनी सगळे जग गोळा केले नाही. एक गाव गोळा केले. म्हणून तेथील मातीच्या दिव्यालाही बोलता येते.

सात तोळे इतिहास

आता ती राहिलेली हकीकत. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. बोरी नदीकाठच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. मी वर्गात दमडीची व्युत्पत्ती सांगितली होती, तेवढ्यावरून त्याला धीर आला असावा. त्यांच्या घरी विहीर खणताना दोन पुरुष खोलीवर मातीचे बोळके लागले होते. आत चांदीचे बारीक पैसे, चाळीसेक. ‘सगळ्यांवर एकेक तोंड होतं सर,’ तो म्हणाला. ‘आता कुठे आहेत?’ मी विचारले. तो खाली पाहू लागला. पैसे तालुक्याच्या बाजारात एका सराफाकडे गेले होते. सात तोळे भरले. सराफाने चांदीच्या भावाने पैसे दिले, त्यात विहिरीच्या मोटारीचा हप्ता भागला.

एक मात्र राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर खेड्यावर गेलो. आजीने नातीला दृष्ट लागू नये म्हणून ते काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधले होते. मी पैसे पाहावयास मागितला तेव्हा आजी म्हणाली, ‘भाऊ, हाऊ पैसा नही, हाऊ देव शे.’ तरी तिने पोरीला माझ्या पुढ्यात बसवले. चिंचोक्यापेक्षा थोडे मोठे नाणे. उजवीकडे पाहणारा मिशाळ राजा, मागे टेकडी, तिच्यावर चंद्र आणि तारा, खाली नदीची नागमोडी रेघ, भोवती ब्राह्मी अक्षरे. नहपानानंतर आलेल्या क्षत्रपांचे ते नाणे होते. भोक नेमके अक्षरांवर आले होते. राजाचे नाव गेले होते.

हे क्षत्रप फार पद्धतशीर लोक. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते नाण्यावर राजाच्या डोक्यामागे वर्ष घालीत, आणि मागल्या बाजूला राजाचे नाव त्याच्या बापाच्या नावासकट. वर्ष कोणते? तर शक, आपल्या भिंतीवरच्या पंचांगात छापलेला तोच शक. म्हणजे त्या बोळक्यात चाळीस नाणी नव्हती, चाळीस तारखा होत्या. त्यांतली शेवटची तारीख पाहिली असती तर ते बोळके कोणत्या सुमारास पुरले गेले हे सांगता आले असते. बोरीकाठच्या त्या गावात तेव्हा कोण राहत होते, भडोचचा पैसा त्यांच्या हाती कसा आला, कोणत्या भयाने त्यांनी तो जमिनीत ठेवला, याचा माग काढता आला असता. सात तोळे चांदी आज कोणाच्या तरी पायात पैंजण होऊन वाजत असेल.

त्या कुटुंबाला मी बोल लावीत नाही. मोटारीचा हप्ता खरा असतो. शिवाय गुप्तधन सापडले म्हटले की पोलीस येतील, शेत जप्त होईल, अशी खेड्यात भीती असते. कायदा इतका निर्दय नाही. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची ठेव मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सरकारने ती ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची त्यात तरतूद आहे. म्हणजे सराफापेक्षा सरकारचा भाव चढा! दडवले तर मात्र शिक्षा. एवढी साधी माहिती त्या घरी वेळेवर पोचली असती तर मोटारीचा हप्ताही भागला असता आणि तारखाही वाचल्या असत्या. तेव्हापासून दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना अलंकार आणि वृत्ते शिकवण्याआधी हा कायदा सांगतो.

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी

हा छंद श्रीमंतांचा नाही, हे आता आपल्या ध्यानी आलेच असेल. घरात मुलाला त्याची गोडी लागली तर लागू द्या. फक्त चार गोष्टी सांभाळा.

पहिली : जुने नाणे घासू नका. दिवाळीत तांब्यापितळेची भांडी आपण चिंचेने लखलखीत करतो, ते भांड्यांपुरते ठीक. तांब्याच्या नाण्यावरचा हिरवट थर हा मळ नव्हे. तो नाण्याचे रक्षण करतो, आणि चिंचेबरोबर अक्षरेही जातात. नाणे कडेने धरावे आणि कागदी पाकिटात ठेवावे. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ते हळूहळू खराब होते.

दुसरी : स्वस्त ‘रोमन’ नाण्याला भुलू नका. हल्ली मोबाइलवर हवी तितकी विकावयास असतात. खरी नाणी बहुधा ठशाखाली ठोकलेली. नकली बहुधा साच्यात ओतलेली. कडेला जोडाची रेघ दिसते का, अंगावर बारीक छिद्रे आहेत का, वजन कमी भरते का, हे भिंगाने आणि तराजूने पाहावे. वजनावरूनच माणसाची पारख होते, ही गोष्ट प्लिनीनेही सांगितली आहे : सिंहलद्वीपाच्या राजाने एका रोमन माणसाजवळची चांदीची नाणी तोलून पाहिली, सम्राटांचे चेहरे निरनिराळे, पण वजन सारखे, हे पाहून रोमनांच्या सचोटीवर तो खूष झाला.

तिसरी : १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी आहे आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. परदेशच्या भावाला भेट म्हणून जुने नाणे पाठवू नये. नाणी मनसोक्त पाहावयाची असतील तर मुलांना घेऊन नाशिकजवळ अंजनेरीला जावे. तेथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची : पत्ता लिहा. गाव, शिवार, गट नंबर, किती खोलीवर, बरोबर आणखी काय होते, कोणत्या दिवशी. नाणे आजीचे असेल तर आजीला कोणी दिले, तिचे माहेर कोणते, हे आजी आहे तोवर विचारून घ्या.

माझ्या संग्रहात बोरीकाठच्या त्या नाण्याचे नुसते पाकीट आहे. नाणे मी मागितले नाही. ते त्या पोरीच्या गळ्यातच शोभते. पाकिटात दोन्ही बाजूंची छायाचित्रे आहेत, वजन आहे, गावाचे नाव आणि गट नंबर आहे, आणि ‘एकूण सुमारे चाळीस, उरलेली मोडीत’ अशी नोंद आहे. कॉन्स्टंटाइनच्या नाण्याशेजारीच ते मी ठेवले आहे. घरी कोणी अभ्यासक आला, की तो सम्राटाकडे क्षणभर पाहतो आणि त्या रिकाम्या पाकिटावर अर्धा तास प्रश्न विचारीत बसतो.